इथं ज्वालामुखी नाही

शेवाळे सर पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आले, त्या दिवशी त्यांनी माझं पिठलं करपवलं. मी नाही हं, त्यांनी! मी कढईवर झाकण ठेवायला गेले, तर हा गृहस्थ बाहेरच्या खोलीतून धावत आत. "थांबा, सामंत बाई! झाकण नका ठेवू! बघा, कसं श्वास घेतंय!" पिठलं रटरटत होतं, बुडबुडे फुटत होते, ओट्यामागच्या भिंतीवर शिंतोडे उडत होते, आणि हे कढईवर वाकून उभे. "हे पातळ आहे म्हणून वाफ सहज सुटतेय. हेच घट्ट असतं ना, तर आत कोंडली असती. मग एकदम उडालं असतं सगळं. तुमचं स्वयंपाकघर गेलं असतं!" मी म्हटलं, "ते तसंही चाललंय सर, जरा बाजूला व्हा." पण हलतायत कुठले! तळाला लागल्याचा वास आला तेव्हा कुठे त्यांचा धडा आटोपला. आमचे हे बाहेरून ओरडले, "आज ज्वालामुखीच वाढणार वाटतं!" तेच करपलेलं पिठलं आम्ही तिघांनी भाताबरोबर खाल्लं.

असं हसण्यासारखं त्यांच्याबद्दल खूप आहे माझ्याकडे. पण सांगायला बसले की थोड्या वेळानं हसू थांबतं. इतकी वर्षं झाली, तरी तो धक्का काही ओसरलेला नाही. म्हणून आधी हसण्यासारखं सांगून घेते.

न्यू बॉम्बे तेव्हा नावालाच शहर होतं. वाशीतल्या आमच्या शाळेच्या भिंतींचा चुना अजून हाताला लागायचा. मी मराठी शिकवायचे, सर भूगोल. आम्ही गिरगावातून आलो होतो, ते साताऱ्याकडून. खाडीपलीकडचे नातेवाईक विचारायचे, "तिथं माणसं राहतात का गं?" राहत होती. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने होते, कारखान्यांत नोकऱ्या होत्या, म्हणून राहत होती. संध्याकाळी वारा फिरला की तिकडून वास यायचा. कधी नासक्या अंड्यांचा, कधी सडक्या फळांचा, कधी नाव न देता येणारा. आम्ही खिडक्या लावून घ्यायचो आणि आत बसून गप्पा मारायचो. आमचे हे त्यातल्याच एका केमिकल कंपनीत सुपरवायझर होते, तेव्हा वासाबद्दल घरात कुरकूर करायची सोय नव्हती.

सर उंच, किडकिडीत, खांद्यात थोडे वाकलेले. शर्ट पांढरा आणि त्याच्या खिशात कायम दगड, त्यामुळे शर्टाची डावी बाजू खाली ओढलेली. त्या दगडांत पोकळ्या असत आणि पोकळ्यांत पांढरे चकाकते स्फटिक. मुलं खूश झाली की एकेक दगड वाटून टाकायचे. आम्ही नवा फ्लॅट घेतला तेव्हा सगळ्यांनी विचारलं, पाणी किती वेळ येतं, स्टेशन कधी होणार. सरांनी विचारलं, "खाली काय आहे बघितलंत?" हे म्हणाले, "खाली दुकानं आहेत." सर म्हणाले, "त्याच्या खाली हो!"

त्यांनी लग्न केलं नव्हतं. कुणी विचारायला धजत नसे, मी विचारलं. आपल्याला काय! तर म्हणाले, "बाई, मला एकदा जिवंत ज्वालामुखी बघायला जायचंय. संसार घेऊन कसा जाणार?" गेले मात्र कधीच नाहीत. पासपोर्टसुद्धा काढला नव्हता. उभ्या आयुष्यात त्यांनी ज्वालामुखी पाहिला तो पुस्तकातल्या चित्रांत आणि माझ्या कढईत.

पण शिकवायचे काय! मी मागच्या बाकावर जाऊन बसायचे कधीकधी. "पृथ्वीच्या पोटात इतकी उष्णता, की खडक वितळतो," ते सांगायचे. "वितळला की हलका होतो, आणि हलकं झालेलं वर यायला बघतं. फट मिळाली की आलंच. आता बाहेरच्या देशांत डोंगर फुटतात. आपल्याकडे डोंगर नाही फुटला, जमीनच चिरली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. मैलोन्‌मैल चिरा, आणि त्यातून रस वर. पसरला, थिजला. मग हजारो वर्षं गप्प. वर माती झाली, झाडं आली. पुन्हा रस! घावनावर घावन रचावं तसे थर. अख्खा महाराष्ट्र या घावनांवर बसलाय, आणि तुम्ही बाकावर बसून पेंगताय!" मग सगळ्यांना तुर्भ्याच्या बाजूच्या खदानीकडे नेऊन दगडी भिंत दाखवायचे. काळा थर, मध्ये तांबडी पट्टी, वर पुन्हा काळा. तांबडी पट्टी म्हणजे दोन रसांच्या मधली माती, वरच्या रसानं भाजून निघालेली.

मुलांना सगळ्यात आवडायचा तो भाग म्हणजे ज्वालामुखीच्या उतारावर राहणारी माणसं. राख पडून पडून तिथली माती इतकी कसदार होते, की पिकं नुसती तरारतात. मग गावं वसतात, द्राक्षं लावतात, देवळं बांधतात. अधूनमधून डोंगर गुरगुरतो, माणसं दोन दिवस खाली उतरतात आणि परत वर जातात. एखाद दिवशी तो गुरगुरत बसत नाही. राख आणि चिखल गावावरून जातो, घराघरांत ताटावर बसलेली माणसं तशीच गाडली जातात. मग काही वर्षांनी त्याच जागी दुसरी माणसं येतात. "सर, ती लोकं येडी हायत का?" कुणीतरी दरवर्षी विचारायचं. सर दरवर्षी चिडायचे. "येडी नाहीत! डोंगर कधी फुटेल हे त्यांना माहीत नसतं. भूक मात्र रोज लागते, ते माहीत असतं."

आमच्या शाळेच्या मावशी पारूबाई. झाडलोट करायच्या, घंटा द्यायच्या. दुष्काळाच्या साली मराठवाड्यातून नवऱ्याबरोबर खडी फोडायला आल्या, नवरा इथंच गेला. मुलगा नामदेव खदानीत होता, आणि त्या त्याच्याजवळ खदानीच्या कडेच्या वस्तीत राहायच्या. तोंडानं फटकळ, अगदी माझ्या वरताण. सरांवर मात्र त्यांचा फार जीव. "सर, तुमचा त्यो फुटायचा धडा कधी हाय?" असं आधीच विचारून ठेवायच्या, आणि त्या तासाला केरसुणी घेऊन बरोबर खिडकीखाली. एकच व्हरांडा तीनतीनदा झाडायच्या. संध्याकाळी वस्तीत जाऊन तो धडा आपल्या पद्धतीनं सांगायच्या. सर म्हणायचे, "पारूबाई, तुमच्या धड्यात माणसं जास्त मरतात." त्या म्हणायच्या, "त्याबिगर पोरं ऐकत न्हाईत, सर."

तर वस्तीला ज्वालामुखी हा शब्द माहीत झाला तो असा. आता पुढचं सांगते.

त्र्याऐंशी साल असेल. दिवाळी होऊन गेली होती. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडले आणि पारूबाई स्टाफरूमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "सर, तुमचा ज्वालामुखी आलाय." सगळे हसले. मीही हसले.

"हसू नका," पारूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक होता. "मागच्या जुन्या खड्ड्यात भुईतनं धूर निघायलाय. पाय ठेवला की चटके बसायलेत. वास बी तुमी सांगितल्याला तसाच हाय. वस्तीनं बिऱ्हाडं बांधलीत. कुठं जावं तेवढं सांगा."

सरांनी डबा तसाच ठेवला. मला पुढचा तास ऑफ होता, मीही निघाले. खोटं कशाला सांगू, मजा बघायलाच निघाले होते.

वस्तीवर गेल्यावर मजा बिजा सगळी गेली. पत्र्याच्या आणि गोणपाटाच्या झोपड्यांपुढे गाठोडी बांधून ठेवलेली. डालग्यात कोंबड्या. एक म्हातारी ट्रंकेवर बसून देवीचं नाव घेत होती. पुरुषांनी खडी फोडायचं थांबवलं होतं, सुरुंगसुद्धा लावला नव्हता. सर आल्यावर सगळे बाजूला झाले आणि त्यांच्या मागून चालायला लागले.

तो खड्डा म्हणजे खोदून सोडून दिलेली जुनी खदान. वर्षभर कुठले कुठले ट्रक येऊन तिथं भराव टाकून जायचे. त्या भरावातून तीन-चार जागी पिवळट धूर निघत होता. सर खाली उतरले, वाकले, त्यांनी वास घेतला. "गंधक!" म्हणाले, आणि वळून माझ्याकडे बघितलं. काय सांगू तुम्हाला तो चेहरा! इतका आनंद मी त्या माणसाच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. मागे शंभर माणसं जीव मुठीत धरून उभी, आणि हे लहान पोरासारखे उजळलेले! मी चक्क घाबरले त्यांना.

मग ते दगडी भिंतीपाशी गेले. तळवा लावून लावून भिंत चाचपली, थर बघितले, पायथ्याला कुठे चीर आहे का ते शोधलं. भिंत गार होती. हळूहळू तो आनंद उतरला. परत आले तेव्हा नेहमीचे शेवाळे सर होते, थोडे खट्टू झालेले.

"इथं ज्वालामुखी नाही," ते मोठ्यानं म्हणाले. "साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विझलाय तो. ही भिंत बघा, हात लावा, गार आहे. काही फुटणार नाही. गाठोडी सोडा आणि खुशाल झोपा."

"नक्की न्हवं, सर?" पारूबाईंनी विचारलं.

"फुटला तर माझं नाव बदला."

"मग धूर कशाचा?"

"कचरा टाकलाय ना खाली, तो आतून पेटलाय." सर हात झटकत होते, घड्याळ बघत होते, त्यांचा पुढचा तास होता. "दोन दिवस पाणी मारा त्याच्यावर. होईल गार."

वस्तीला असा काही सुटल्यासारखा श्वास आला! बायका हसायला लागल्या. ट्रंकेवरच्या म्हातारीला कुणीतरी खाली उतरवलं. पारूबाई तोऱ्यात सगळ्यांना सांगत होत्या, "बगा! म्या काय मनलं व्हतं? सरांला इचारा, मनलं व्हतं."

परत येताना सर म्हणाले, "क्षणभर मला वाटलं, बाई."

"काय वाटलं?"

"की खरंच आहे."

दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा झाली नाही. मुलं मैदानात धिंगाणा घालत होती, मुख्याध्यापिका "पारूबाई कुठे, पारूबाई कुठे" करत होत्या. वस्तीतला एक माणूस फाटकाशी आला आणि त्यानं सांगितलं. आदल्या दिवशी काम सुटल्यावर, दिवस मावळायच्या आधी बायका खदानीत साचलेलं पाणी भरून घेऊन गेल्या होत्या. हंडे, घागरी, पत्र्याचे डबे, हाताला लागेल ते. पहिला हंडा पारूबाईंनी ओतला. फुसफुस आवाज झाला, तेव्हा बायका म्हणाल्या, विझतंय. अजून ओतलं. मग जमिनीतून पांढरा ढग उठला. वर गेला नाही, तिथंच खड्ड्यात बसला. पारूबाई आणि आणखी दोघी त्या ढगातून बाहेर आल्याच नाहीत. त्यांना ओढायला गेलेल्यांतल्या काहींचे डोळे गेले.

सर माझ्या शेजारी उभे होते. हातात हजेरीसाठी घेतलेलं पेन होतं. त्यांनी एकच विचारलं, "पाण्यानं?"

"व्हय सर," तो माणूस म्हणाला. "तुमी सांगितल्यालं तसंच केलं."

असं बोलला तो. आरोप नव्हता हो त्यात. सांगितलेलं काम नीट केलं हे जसं सांगतात, तसं सांगितलं.

रात्री जेवताना यांना सांगितलं. यांचा घास तोंडाशी थांबला. "पाणी? पाणी घातलं त्याच्यावर?" मग ताट सारून उठलेच. मोरीत हात धुता धुता पाठमोरे बोलत होते. "ड्रम असणार खाली. गंजून फुटले असतील. काही मालाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नसतो, आमच्याकडे तर भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं." मी विचारलं, "कुणाचे ड्रम?" हे नळ चालू ठेवून हात धूतच राहिले. मी म्हटलं, "तुमच्या कंपनीचे?" "माहीत नाही," म्हणाले. "खरंच माहीत नाही." त्या रात्री मला माझ्याच घरात बसवेना. आजतागायत मला त्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही.

काही दिवसांनी खदानीवर पंचनामा झाला. पोलीस, सरकारी साहेब, आणि सफारी घातलेले दोन-तीन जण. ते कोण होते ते कुणी सांगितलं नाही. वस्ती एका बाजूला उभी. सरांना बोलावलं होतं, कारण जागा पाहून गेलेला माणूस तेच. मुख्याध्यापिकेनं मला त्यांच्याबरोबर पाठवलं होतं. साहेब फार गोड बोलले. "सर, तुम्ही या विषयातले जाणकार. हा सगळा प्रदेश ज्वालामुखीचाच ना? मग अशा जमिनीतून कधी नैसर्गिक वायू येऊ शकतो. येतो ना? तुम्ही तेवढं बोला, विषय मिटला. शेवटी निसर्गापुढे कोण काय करणार? तुमच्यावरही काही येत नाही."

मी सरांकडे बघत होते. हो म्हणायचं फक्त. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तोच आला होता म्हणायचं, आणि सुटायचं. मनात म्हटलं, म्हणा हो, म्हणून टाका. खरंच म्हटलं मी तसं.

"नाही," सर म्हणाले. आवाज इतका बारीक की साहेबांनी "काय?" केलं. मग वर्गात बोलायचे तसे मोठ्यानं बोलले. "इथं ज्वालामुखी नाही. साडेसहा कोटी वर्षांत नव्हता आणि त्या दिवशीही नव्हता. याच्या खाली जे आहे ते माणसांनी ट्रकमधून आणून टाकलंय. खणा, दिसेल. आणि त्याच्यावर पाणी टाकायला मी सांगितलं. त्या बायका माझ्या शब्दावर गेल्या."

नामदेव पुढे आला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. मला वाटलं आता हा हात उचलणार. पोलिसालाही तसंच वाटलं, तो पुढे सरकला. पण नामदेवनं नुसतं विचारलं, "सर, तुमाला कळलं कसं न्हाई?"

"मी बघितलंच नाही रे," सर म्हणाले. "ज्वालामुखी आहे का, एवढंच बघितलं. नाही म्हटल्यावर पुढचं काही बघितलंच नाही."

नामदेव मटकन खाली बसला आणि रडायला लागला. सर त्याच्या बाजूला त्या खडीतच बसले. साहेबांना काय करावं कळेना, ते चहाला गेले.

खणलं कुणीच नाही. उलट मुरमाचे ट्रक आले आणि खड्डा वरून सपाट करून गेले. शाळेच्या मॅनेजमेंटनं सरांचा राजीनामा मागितला. मुलांच्या मनावर परिणाम होतो म्हणे! मी मुख्याध्यापिकेच्या केबिनमध्ये जाऊन तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "सामंत बाई, तुम्ही कशाला टेन्शन घेता?" संताप संताप झाला नुसता.

गावी जायच्या आधी सर रोज वस्तीवर जायचे. घराघरांत जाऊन सांगायचे, इथून हला, खाली अजून ड्रम असतील, मुरमानं काही होत नाही. शेवटच्या रविवारी सकाळी मीही बरोबर गेले. खदान चालू होती, खडीच्या धुळीनं सगळं पांढरं झालं होतं. लोक आदरानं ऐकून घ्यायचे, "बघू सर", "व्हय सर" म्हणायचे, आणि घण उचलून कामाला जायचे. कुठे जाणार होते? काम इथंच होतं. नामदेव तेवढा बायकोला घेऊन गावाकडे गेला होता.

त्याच्या झोपडीत नवं बिऱ्हाड आलं होतं. परभणीकडचं. एक तरणी पोर चुलीपुढे भाकऱ्या थापत होती, मांडीवर तान्हं. सर दारात वाकून उभे राहिले आणि सांगायला लागले. त्या भरावाखाली विष आहे, पोराला घेऊन इथं राहू नकोस, पाया पडतो. तिनं त्यांच्याकडे बघितलं, आणि तिला त्यांची दया आली असावी.

"बसा की काका," ती म्हणाली. "भिऊ नगा. आमी बी लई भ्यालो व्हतो पयले. मंग समद्यांनी सांगितलं, एक मोठे सर सोता येऊन बगून गेलेत. इथं ज्वालामुखी न्हाई."

सरांनी दाराचा बांबू घट्ट धरला. मला ते बघवेना. मीच म्हटलं, "अगं बाई, तेच हे सर. तेच सांगायला आलेत तुला, की निघ इथून."

तिचा चेहरा एकदम फुलला. भाकरीचा हात तसाच, ती अर्धवट उठली आणि शेजारच्या झोपडीकडे तोंड करून ओरडली, "अवो आत्या, या की हिकडं! त्येच सर आलेत, आपल्या दारात!"